मी हिंदीत वाचलेली वही

पोलीस खात्यातला माणूस बऱ्याच गोष्टी मुद्दाम विसरतो. नाही विसरल्या तर घरी जेवण जात नाही. बुऱ्हाणपूरचा तो सोमवार मात्र मी विसरायचा प्रयत्नही कधी केला नाही. त्या दिवशी दोन अक्षरं चुकीची वाचून मी एका निरपराध म्हाताऱ्याला तुरुंगात पाठवायला निघालो होतो.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्याकडं ठाणेदाराला 'टीआय साहेब' म्हणतात. सकाळी हजेरी, मग कोठडीची तपासणी, मग समन्स-वॉरंटांचं वाटप, असा ठाण्याचा दिवस सुरू व्हायचा. मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालायचा, त्यामुळे फिर्यादी आमच्याकडं मुळातच मोठ्या आवाजात बोलायचे आणि नवा माणूस आला की त्याला वाटायचं, इथं सगळे भांडतच असतात.

मी मूळचा खकनार तहसिलीतला, तुकईथडच्या बाजूचा. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढं सगळं हिंदीत. सरकारी वसतिगृह आणि दोन मास्तर नसते तर मी आज कुणाच्या तरी केळीच्या बागेत पाणी धरत असतो, हे मी कधी लपवलं नाही. घरी मराठी आणि ठाण्यात हिंदी अशी माझी सगळी नोकरी गेली. रोजनामचा हिंदीत, जबाब हिंदीत, पंचनामा हिंदीत. इतक्या वर्षांनी हातात कागद आला की डोकं आपोआप हिंदीतच वाचायला लागायचं.

खबर आली ती शनिवारी. वेशीजवळ एक जुनं सिनेमाघर होतं, त्याच्या समोर एक चहाची टपरी. आमचा बीटचा हवालदार तिथं चहा प्यायला थांबायचा. टपरीवाला त्याला म्हणाला, "दीवानजी, एक बात बोलू? बुरा मत मानना."

"बोल ना."

"ती इस्कूलच्या डिरेसवाली छोकरी पाहिली का? हप्त्यात दोन-तीन टाईम येते. अकेली. गेटकीपर चाचा तिला बिगर तिकीट अंदर घेतो, आपल्याच बाजूला बसवतो. मेरी भी दो बेटियाँ हैं, इसलिए बोल रहा हूँ."

हवालदार पन्नाशीचा, मराठी घरातला, अनुभवी माणूस. तो तिथंच थांबला. बाराच्या खेळाला त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दहा-अकरा वर्षांची मुलगी, पाठीवर दप्तर, एकटी आली. गेटकीपरनं इकडंतिकडं पाहिलं आणि पडदा बाजूला करून तिला आत घेतलं.

चहावाल्याच्या खबरीबद्दल माझा एक अनुभव आहे. कोण आलं, किती वाजता आलं, कुणाबरोबर आलं, यात तो सहसा चुकत नाही. कशासाठी आलं, ते तो मनानं भरतो. हे मला माहीत होतं. तरीही हवालदारानं रिपोर्ट दिला तेव्हा 'कशासाठी'ची जागा मीही मनानंच भरली. वर्दीतल्या माणसाचं मन अशा वेळी एकाच दिशेला जातं.

सोमवारी सकाळी आमची महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, साध्या कपड्यात मुलीच्या शाळेत जाऊन आली. गणवेशावरून शाळा ओळखणं अवघड नव्हतं. हजेरीपटात एक मुलगी गेले तीन आठवडे काही दिवस मधल्या सुट्टीनंतर गैरहजर होती. वर्गशिक्षिकेनं घरी चिठ्ठी पाठवली होती, ती घरी पोचलीच नव्हती. मुलगी इथं काका-काकूंकडं राहत होती. वडील कागद कारखान्यात कामाला, तिकडच्याच वसाहतीत राहणारे.

साडेबाराला आम्ही तिघं सिनेमाघरात शिरलो. हवालदार, महिला आरक्षक आणि मी, सगळे साध्या वेशात. खेळ चालू होता. दाराच्या आत, भिंतीला लागून गेटकीपरचं स्टूल होतं. त्यावर मुलगी बसली होती आणि तो शेजारी उभा होता. मुलगी पडद्याकडं इतकी एकटक पाहत होती की आम्ही जवळ गेलो तरी तिला कळलं नाही.

महिला आरक्षकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, चलो बाहर."

मुलीनं वर पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पाँच मिनट, आंटी. बस पाँच मिनट."

"बाहर चलो पहले."

"पाँच मिनट. फिर चलती हूँ. जहाँ बोलो वहाँ."

मी पाच मिनिटं दिली नाहीत. मला तेव्हा ते विचित्र वाटलं, आणि संशय वाढला.

स्टुलाखाली गेटकीपरचा पत्र्याचा डबा होता. त्यात टॉर्च, फाडलेल्या तिकिटांचे तुकडे, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि एक छोटी वही सापडली. पहिल्या पानावर वार लिहिले होते, वाकड्यातिकड्या अक्षरात, एकाखाली एक. सोम, आणि पुढं 'आई'. गुरु, पुढं 'आई'. बुध, पुढं 'आई'. अशा आठ नोंदी. शेवटची शनि, आणि तिच्यापुढं फुली.

तुम्ही मराठी वाचक आहात. तुम्ही तो शब्द जसा वाचला तसा मी वाचला नाही. हिंदीत 'आई' म्हणजे 'ती आली'. सोमवारी आली, गुरुवारी आली, बुधवारी आली. साठीतल्या एका माणसानं एका लहान मुलीची हजेरी मांडून ठेवली आहे, असं मी वाचलं. हवालदारानं वाचलं, त्यानंही तसंच वाचलं. आम्ही दोघंही मराठी.

ठाण्यात मुलीला महिला डेस्कच्या खोलीत बसवलं, दूध दिलं. तिनं प्यायलं नाही. महिला आरक्षक तासभर बोलत राहिली. नाव सांगितलं, शाळा सांगितली. चाचांबद्दल विचारलं की "कुछ नहीं" म्हणायची. मधूनच विचारायची, "कितने बजे?" आम्हाला वाटलं, घरी ओरडा बसेल म्हणून भ्यायली आहे.

गेटकीपरला मी माझ्यासमोर बसवलं. जन्म यंत्रमागावर गेलेला, मग कानांनी साथ सोडली तेव्हा सिनेमाच्या दाराशी लागलेला. त्याला कमी ऐकू येत असल्यानं तो प्रत्येक उत्तर जोरात द्यायचा, आणि ते उर्मट वाटायचं.

"ये कॉपी किसकी है?"

"बच्ची की."

"तुम्हारे डिब्बे में क्या कर रही है?"

"रखने को दी उसने. घर पे कोई देखेगा, बोली."

"क्या देखेगा?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"बिना टिकट अंदर क्यों लेते हो उसको? क्या लगती है तुम्हारी?"

"कुछ नहीं लगती साहब. पहले दो बार टिकट लेके आई थी. फिर मैंने बोला, रहने दे."

"क्यों आती है वो?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बच्ची से पूछो साहब. मैं नहीं बोलूँगा. मैंने ज़बान दी है."

मुन्शी, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणारा आमचा प्रधान आरक्षक, माझ्या कानाशी आला. "साहेब, जबान दिली म्हणतो. अजून काय पाहिजे? कलमं लावून टाकतो."

तेवढ्यात काका-काकू आले. काका एका कचेरीत बाबू. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आल्या आल्या हात जोडले. "साहेब, आमची तर इज्जत गेली पूरी. भावाला काय तोंड दाखवू मी? सांगा तुम्ही, काय कमी केलं पोरीला? माझ्या पोरांच्या आधी तिचं ताट वाढतो."

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आई गेली हो तिची, दीड वर्ष झालं. भाऊजींची शिफ्टची ड्यूटी, पोरीला पाहील कोण? म्हणून आणली इकडं. तिच्यासमोर तिच्या आईचं नावसुद्धा नाही काढत आम्ही. फोटो आहे तोही कपाटात ठेवला. नाव निघालं की दोन-दोन दिवस जेवायची नाही ना ती."

त्या वाईट बाई नव्हत्या. पुष्कळ घरांत दुःखावर हाच इलाज करतात.

बाहेर फाटकाशी पंचवीस-तीस माणसं जमली होती. कुणाच्या हातात मोबाईल, कुणी ओरडत होतं, "बाहर निकालो उसको!" जमावाला कारण लागत नाही, नाव लागतं, हे मी बऱ्याच वर्षांपूर्वी शिकलो होतो. म्हणून गेटकीपरचं नाव मी ठाण्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. पण एफआयआर लिहिली की नाव कागदावर येणार, कागदावरून फाटकावर जाणार. लहान मुलीच्या बाबतीतला गुन्हा. पुढं कोर्टानं सोडलं तरी या शहरात तो माणूस पुन्हा चहा प्यायला बसू शकला नसता. हे सगळं मला कळत होतं, आणि तरीही मी मुन्शीला मान हलवून हो म्हटलं.

आधी वहीच्या जप्तीचा कागद व्हायचा होता. मुन्शीनं तो लिहिला, गेटकीपरपुढं सरकवला आणि पेन दिलं. "दस्तखत करो."

गेटकीपरनं पेन घेतलंच नाही. "आता नहीं."

हवालदार दारात उभा होता. त्याचा पारा चढला. "आता नाही? आता नाही तर केव्हा? मुहूर्त काढू का तुझ्यासाठी भटजी बोलावून?"

मुन्शी फस्सकन हसला. "अरे दीवानजी, लिहिता येत नाही म्हणतोय तो! हिंदीतलं आता नहीं!"

गेटकीपरला कोण का हसतंय ते समजलं नाही. त्यानं डावा अंगठा पुढं केला. "स्याही दे दो साहब. मैं तो अंगूठा लगाता हूँ. नंबर पढ़ लेता हूँ टिकट के, बस."

मीही हसलो होतो. ते हसू तसंच तोंडावर राहिलं.

याला लिहिता येत नाही. मग वहीतलं अक्षर खरंच मुलीचं. आणि मुलगी स्वतःबद्दल 'ती आली' असं कशाला लिहील?

शनिवारची फुली मी पुन्हा पाहिली. शनिवारी ती आली होती, माझ्याच हवालदारानं तिला पाहिलं होतं. सकाळपासून ही गोष्ट माझ्यासमोर होती, आणि जमत नाही म्हणून मी ती बाजूला सारली होती. 'आता' हा एकच शब्द आत्ता माझ्यासमोर दोन माणसांनी दोन भाषांत ऐकला होता. मी वही उचलली आणि त्या पानावर बोट ठेवून घरच्या भाषेत वाचलं.

मुन्शी म्हणाला, "साहेब, कलम कुठलं टाकू?"

"पेन खाली ठेव," मी म्हणालो.

महिला डेस्कच्या खोलीत मी खुर्ची ओढून मुलीसमोर बसलो. महिला आरक्षकही होती. ठाण्यात कुठल्याच मुलाला मी आजवर मराठीत काही विचारलं नव्हतं, म्हणून पहिलं वाक्य जरा अडखळलंच.

"बाळा, घरी मराठी बोलता ना तुम्ही?"

तिनं मान वर केली.

"तुझी वही मी चुकीची वाचली गं. आता नीट वाचतो. सोमवार, आई. गुरुवार, आई. बुधवार, आई." मी थांबलो. "मग शनिवारी का नाही?"

तिनं वही माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "लाईट गेली होती."

"बरं."

"मग जनरेटर चालू केला, पण मशीनवाल्या काकांनी गाणं सोडून पुढून लावलं. टाईम नव्हता म्हणून."

"आई कुठं असते?"

"गाण्यात," ती म्हणाली.

मग एकदम बोलायला लागली. मराठी, मध्येच हिंदी, इकडची पोरं बोलतात तसं. तीन वर्षांपूर्वी तापीच्या घाटावर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. घाटावरच्या गर्दीसाठी बायका हव्या होत्या. कारखान्याच्या वसाहतीतून एक बस भरून बायका नेल्या, त्यात हिची आई होती. हीसुद्धा हट्टानं बसली होती बसमध्ये. पुढं आई आजारी पडली, गेली. सिनेमा रखडला, तो आता लागला. शाळेत कुणीतरी म्हणालं, आपल्या घाटावरचं गाणं आहे त्यात. ही डब्याचे पैसे साठवून पहिल्यांदा गेली आणि तिला आई दिसली. मध्यांतराच्या आधी, गाण्यात, तिसऱ्या रांगेत.

"किती वेळ दिसते?"

तिनं चुटकी वाजवली. एकदा, आणि जरा थांबून दुसऱ्यांदा. "एवढा वेळ."

"चाचांना ठाऊक आहे?"

"हो. मी रडले होते ना पहिल्यांदा, तेव्हा सांगितलं. त्यांनी गॉड प्रॉमिस केलं, कुणाला नाही सांगणार. काकूंना कळलं तर बंद करतील." मग घाबरून विचारलं, "त्यांना मारलं का तुम्ही?"

"नाही."

"थोडंपण नाही?"

"थोडंपण नाही."

"गुरुवारी लास्ट आहे. शुक्रवारी पिक्चर बदलतो." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "आज तुम्ही पाच मिनिटं नाही दिली."

माझ्या नोकरीत वकिलांनी मला भर कोर्टात खोटारडा म्हटलं आहे, पुढाऱ्यांनी बदलीची धमकी दिली आहे. त्यातलं काही या वाक्याइतकं लागलं नव्हतं.

पोलिसाचं काम इथं संपत नाही. मुलीचं म्हणणं तपासून घ्यायला हवं होतं. अडीचच्या सुमाराला वडील आले, कारखान्याच्या कपड्यातच. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते बाकावर बसले आणि हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिले.

"शूटिंगचं खरं आहे साहेब. पिक्चर लागलाय तेही माहीत होतं मला. माझी नाही झाली हिंमत जायची. मला वाटलं, पोरीला नाही माहीत. म्हटलं, बरंच आहे."

काकू हे ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. काका मात्र उठले आणि माझ्या आधी फाटकाकडं गेले. जमावाला त्यांनी जे सांगितलं ते मला आवडलं. "जा बाबांनो आपापल्या घरी. म्हाताऱ्यानं काही नाही केलं. आमच्याच घरात लक्ष नव्हतं कुणाचं." माणसं लगेच नाही गेली. तमाशा झाला नाही याचा त्यांना थोडा रागच आला होता. पण गेली.

तीनच्या खेळाला आम्ही गेलो. मुलगी, वडील, महिला आरक्षक आणि मी. गेटकीपर आमच्याबरोबरच ठाण्यातून चालत आला, आणि दाराशी पोचल्यावर त्यानं टॉर्च घेतला आणि आमची तिकिटं फाडली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. मुलीला तो म्हणाला, "चल, तेरी जगह खाली है." पण ती या वेळी वडिलांच्या शेजारी बसली.

सिनेमा काय होता हे मला आठवत नाही. साडेतीन वाजून गेल्यावर ते गाणं लागलं. घाटाच्या पायऱ्या, पाणी, ओंजळीत फुलं घेतलेल्या बायका. मुलगी उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, बैठ ना!" आणि गेटकीपरनं त्याच्या तोंडावर टॉर्च मारला.

तपास अधिकारी म्हणून मी पडद्याकडं पाहायला हवं होतं. पाहतही होतो. पण तो क्षण आला तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं, आणि माझी नजर तिकडं गेली. मी परत पडद्याकडं वळलो तेव्हा तिथं नाचणारी नटी होती आणि घाट मागं गेला होता.

मुलगी माझ्याकडं वळली. बापाला नाही, मला विचारलं. पोलिसानं पाहिलं म्हणजे पक्कं झालं, असं तिला वाटत असावं.

"दिसली ना? हिरवी साडी. तिसऱ्या रांगेत. दिसली ना साहेब?"

"दिसली," मी म्हणालो.

वडिलांना खरोखर दिसली होती. ते मध्यांतराला बाहेर आले, व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या शूटिंगवाल्यांनी दहा वेळा सांगितलं होतं सगळ्या बायकांना. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही म्हणून. हिच्यावर तर ओरडलेसुद्धा. घरी येऊन सांगत होती मला हसून हसून. तरी पाहिलंच तिनं." त्यांनी नाक पुसलं. "पोरगी कॅमेऱ्याच्या बाजूलाच उभी होती ना साहेब, आईच्या चपला हातात धरून. पोर उन्हात उभी आहे का सावलीत, ते ही पाहत होती."

मला गेटकीपरची माफी मागायची होती. मी त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "चाचा, माफ करना."

त्यानं कानामागं हात धरला. "क्या बोले साहब?"

"माफ करना!"

"ज़ोर से बोलो, मशीन ने कान खा लिए मेरे!"

मध्यांतराला बाहेर आलेली सगळी माणसं आमच्याकडं पाहत होती. ठाण्याचा टीआय त्या व्हरांड्यात उभा राहून तिसऱ्यांदा ओरडला, "चाचा, मेरी गलती हुई, माफ करना!" चहावाला किटली घेऊन दारात उभा होता, त्यानंही ऐकलं. गेटकीपर मान हलवून म्हणाला, "हाँ हाँ, ठीक है. इतना चिल्लाओ मत, अंदर पब्लिक बैठी है." मला आजही कळलेलं नाही, पहिल्यांदा त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं का.

संध्याकाळी रोजनामच्यात नोंद केली. खबर मिळाली, चौकशी केली, आक्षेपार्ह काही आढळलं नाही, बालिका वडिलांच्या ताब्यात दिली. चार ओळी. 'स्वतः जाऊन तस्दीक केली', म्हणजे खातरजमा केली, असंही लिहिलं आणि खाली सही केली. नोकरीत मी खोटी तस्दीक लिहिली असेल तर ती ही एकच.

त्या शुक्रवारी वडिलांनी मुलीला वसाहतीत परत नेलं. शिफ्ट बदलून घेतली म्हणे. त्याआधी गुरुवारपर्यंत काकू तिला रोज स्वतः बाराच्या खेळाला घेऊन जात होत्या, हे मला हवालदाराकडून कळलं. त्यालाही चहावाल्यानंच सांगितलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात तेव्हा मी आधी कामाचं सांगतो. कागद वाचण्याआधी तो कुणी लिहिला ते पाहा. तो माणूस घरी कुठली भाषा बोलतो ते विचारा. मूल बोलत नसेल तर त्याच्या चुलीजवळची भाषा बोलून पाहा. तपासात एखादी गोष्ट जमत नसेल तर ती बाजूला सारू नका, तीच हातात धरा. आणि गप्प बसणारा प्रत्येक माणूस स्वतःलाच वाचवत असतो असं नाही.

हे सगळं खरं आहे, उपयोगाचंही आहे. पण मनात राहिलं ते वेगळं. गावच्या शाळेत मास्तरांनी माझं बोट धरून पाटीवर जी पहिली अक्षरं गिरवून घेतली, त्यात 'आ' होता, आणि तो आईचा होता. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. मी घरी येऊन तिला तो शब्द काढून दाखवला तेव्हा तिनं हात पुसून पाटीवरून बोट फिरवलं होतं. त्या शिक्षणानं मला खुर्ची दिली, वर्दी दिली, पेन्शन दिली. त्याबद्दलचे उपकार मी कधी विसरलो नाही. पण खुर्चीवर बसल्यावर तोच शब्द मला वाचता आला नाही, हेही मी विसरू नये.

तो सिनेमा आता मोबाईलवर मिळतो. माझा मुलगा म्हणतो, बाबा, गाणं काढून देतो, थांबवून थांबवून पाहा, तिसरी रांग, हिरवी साडी, सापडेल. मी नको म्हणतो. ओरडा खाऊनसुद्धा ती बाई कॅमेऱ्याकडं वळली, ती पोरीला पाहायला. मधे उभं राहून पाहण्याचं मला काही काम नाही.